रागावर ताबा : शंभरपैकी अकरा

११ मार्च

टॅब फोडला. रजतच्या हातातून हिसकावला आणि प्रयोगशाळेच्या दगडी ओट्यावर आपटला. एकदा नाही — तीनदा! काच उडाली, एक कपची माझ्या मनगटात घुसली. रक्त बघून रजतच पांढरा पडला. "मॅडम, कंपनीचा आहे तो!" म्हणे. मी म्हटलं, "आणि हा पोरगा? हा काय भंगारातला आहे?"

हा रजत नागपूरच्या एका कंपनीचा. सव्वीसचा असेल. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. गेले चार दिवस आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरांची रोजगारक्षमता मोजतोय. खुर्चीत बसायचं, समोर गोल दिवा, कॅमेऱ्यात बघून दोन मिनिटं बोलायचं. मग चाळीस प्रश्न, बोटाने उत्तर दाबायचं. पाच मिनिटांत निकाल — हिरवा, पिवळा नाहीतर लाल.

कपिल लाल! बी.एस्सी.त दोन्ही वर्षं पहिला आलेला कपिल. बोरी अरबहून रोज सकाळच्या एसटीने उभा येणारा कपिल. प्रयोगशाळेतलं पाणी शुद्ध करायचं यंत्र चार वर्षं बंद होतं. त्याने गॅरेजमधून नळी आणून एका दुपारी सुरू केलं. एकूण गुण एकोणतीस. त्यातल्या एका रकान्यात अकरा. रकान्याचं नाव — रागावर ताबा.

प्रश्न असा होता: वरिष्ठाने सर्वांसमोर अपमान केला तर काय कराल? शांत राहीन. नंतर एकांतात बोलेन. स्वतःची चूक शोधीन. त्याच क्षणी विरोध करीन. कपिलने चौथं उत्तर दाबलं.

"काहून दाबलं रे?"

"तुमीच त सांगता मॅडम. अपमान गिळाचा नाही म्हणून."

त्यानंतर टॅब हिसकावला.

१२ मार्च

प्राचार्य सदाशिवरावांनी बोलावलं. बसायला सांगितलं नाही. मीही मागितली नाही खुर्ची. तासिका तत्त्वावर पंधरा वर्षं राज्यशास्त्र शिकवतेय — उभं राहायची सवय आहे.

"कौसल्या, जुलैत मूल्यांकन समिती येणार. पहिला प्रश्न काय विचारणार? तुमचे किती पदवीधर कामाला लायक? मी काय दाखवू — तुझी भाषणं?"

"कपिल दाखवा सर."

"कपिलचा आकडा काय आहे माहीत आहे ना?"

आकडा! या माणसाने मला बी.ए.ला शिकवलंय. तेव्हा वर्गात टेबलावर मूठ आपटायचे. आता टेबलावर काच आहे.

आई म्हणाली, "टॅब फोडून कोनाचं भलं झालं व? उद्या थो पोट्टा दुसरा आनन."

दुसरा आणला.

१५ मार्च

यादी लागली. ऑफिससमोरच्या फलकावर. फोटोसकट! तीनशे बारा पोरं, त्यातली एकशे सत्त्याऐंशी लाल. गोपालभाऊ शिपाई टाचण्या मारत होते. एकेक फोटो सरळ करून लावत होते, जसे काही देवाचे आहेत. सत्तराव्या का ऐंशीव्या फोटोशी थांबले. त्यांची लेक, खुशी. बी.कॉम. शेवटचं वर्ष. लाल.

"लावा ना भाऊ, काय पाहता?" मागून एक पोरगा म्हणाला.

लावला. टाचणी वाकडी गेली, काढून परत लावला.

मला तो फलक जाळावासा वाटला. खरंच काडेपेटी शोधली पर्समध्ये. नव्हती.

१८ मार्च

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गोरे साहेब या देशात नाकं मोजत हिंडले. कंपास घेऊन! नाकाची रुंदी, नाकाची लांबी, भागाकार — आणि त्यावरून माणूस वरचा की खालचा ते ठरवायचे. एम.ए.ला हे वाचलं तेव्हा दोन दिवस घास उतरला नव्हता. आता कंपास नाही, गोल दिवा आहे. मोजणारा गोरा नाही, आपलाच आहे.

मोजायला माझा विरोध नाही. हे मी सरांना सांगितलं, रजतला सांगितलं, चहावाल्यालाही सांगितलं. मोजा ना! पण कामाला लावून मोजा. बैल घेताना त्याला दोन मिनिटं हंबरायला लावतो का कोणी? औताला जुंपून पाहतो.

म्हणून आजपासून मी मोजणार. दोनशे पानी वही घेतली. लाल यादीतल्या प्रत्येकाला समोर बसवून एकच प्रश्न — तुला काय करता येतं?

सगळ्यांचं पहिलं उत्तर एकच. "काही नाही मॅडम."

थांबायचं. चहा पाजायचा. मग हळूहळू निघतं. आर्णीकडची एक पोरगी अख्ख्या गावाचे पीकविम्याचे फॉर्म मोबाईलवर भरते. अजून एकही परत आला नाही. एक कोलामी बोलणारा पोरगा दवाखान्यात डॉक्टरीणबाई आणि म्हाताऱ्या पेशंटांच्या मध्ये उभा राहतो, इकडचं तिकडे सांगतो, फुकट, गेली चार वर्षं. खुशीला विचारलं तर लाजली. म्हणे, "कापूस पाहता येते." म्हणजे काय? चिमूटभर रुई बोटांत धरून ओढते आणि धाग्याची लांबी सांगते. आई कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला जायची, तिच्याकडून शिकली. जिनिंगच्या ग्रेडरने यंत्राशी ताडून पाहिलं होतं म्हणे. एका मिलिमीटरचा फरक!

हिचा आकडा चौतीस. कोणत्या तोंडाने दिला?

२१ मार्च

सकाळी सातचा वर्ग सुरू केला. कॉलेजच्या मैदानावर, साठ-सत्तर पोरं येतात. आवाज कसा लावायचा, मान कशी ठेवायची, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे. पोटातून बोला, गळ्यातून नाही. एक जण ओरडला तर पलीकडच्या रस्त्यावरची म्हैस उधळली. सगळे फिस्सकन हसले. "मॅडम, म्हशीचा रागावर ताबा झिरो!"

मीही हसले. खूप दिवसांनी.

२४ मार्च

आज स्वतः परीक्षा दिली. पोरांच्या देखत. म्हटलं, यंत्र किती खोल पाहतं ते दाखवते. रजत बिचारा घाबरून टॅब दोन्ही हातांनी धरून बसला होता.

तोच प्रश्न आला. सर्वांसमोर अपमान केला तर? मी दाबलं — शांत राहीन. पुढे, स्वतःची चूक शोधीन. पुढे, वरिष्ठांचे आभार मानीन. हसत हसत दाबत गेले. निकाल हिरवा! एकूण शहाऐंशी. रागावर ताबा — ब्याण्णव!

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी म्हटलं, "बघा! अकरा दिवसांपूर्वी मी याच माणसाचा टॅब फोडला."

"तेरा दिवस, मॅडम," रजत हळूच म्हणाला.

मग पोरांना सांगितलं — पुन्हा परीक्षा मागा आणि असंच दाबा. सगळे तयार. कपिल नाही.

"मी खोटं कायले दाबू? मले राग येते त येते."

"अरे, कागदावर तर हिरवा होशील!"

"तुमी झाल्या ना हिरव्या. काय फरक पडला?"

चार पोरं हसली. माझा हात उठला होता. खरंच उठला होता — याच पोराच्या कानाखाली. खाली घेतला. हा एक गोष्ट शिकला माझ्याकडून आणि मीच त्याला ती विसरायला सांगत होते.

३० मार्च

कपिल घरी आला. कधी येत नाही. आईने पाणी दिलं. तो पेल्याकडे पाहत बसला.

"मॅडम, कोनाले सांगू नका. वनरक्षकात लागलो."

मी ओरडलेच. आई स्वयंपाकघरातून पळत आली. "काय झालं? कोन मेलं?"

लेखी झाली, धावण्याची झाली, कागदपत्रं झाली. निवड यादीत नाव आहे. आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी. ती तीस एप्रिलपर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर प्रतीक्षा यादीतला पुढचा. 

"कॉलेजात काहून नाही सांगत?"

"हातात आल्यावर सांगू. लाल यादीत फोटो हाये ना माहा. लोक हासतीन."

जंगल सांभाळायला सरकारने निवडलं, आणि आमच्या फलकावर हा नालायक! उद्या सकाळीच सरांच्या टेबलाची काच फोडून यावी असं वाटलं. पण वचन दिलंय.

५ एप्रिल

रोजगार मेळावा आठ तारखेला. जिनिंगचं मोठं शेड भाड्याने घेतलंय. तेवीस कंपन्या येणार. आत फक्त हिरवे आणि पिवळे. त्यांना पास. लालांनी यायचंच नाही!

सरांना म्हटलं, "निदान कंपन्यांना ठरवू द्या."

"शंभर पाठवले आणि साठ निवडले तर साठ टक्के. तीनशे पाठवले आणि साठ निवडले तर? गणित येतं ना तुला?"

म्हणजे पोरं कमी करायची, टक्के वाढवायचे. 

मी टेबलावर मूठ आपटली. काच तडकली नाही.

७ एप्रिल

उद्या गेटवर जाणार. लाल पोरांना सांगितलंय — सगळे या. वही नेणार. एकशे सत्त्याऐंशी नावं, एकेकाला काय येतं ते मोठ्याने वाचणार. कंपन्यांच्या लोकांना भिंतीपलीकडून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने!

कपिलला म्हटलं, तू येऊ नकोस. तुझं झालंय. म्हणाला, "बाकीच्यायचं नाही झालं ना."

८ एप्रिल

गेटला गोपालभाऊ, हातात यादी. मागे सदाशिवराव, माईक घेऊन. त्यांच्या मागे दोन हात रुंद फ्लेक्स. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. दीडशे पोरं तरी असतील.

पहिली खुशी गेली. मुद्दाम. बापासमोर उभी राहिली.

"बाबा, जाऊ द्या."

"तुवं नाव लाल हाये बेटा. मांगं हो."

"माहं नाव तुमीच ठेवलं ना?"

गोपालभाऊंची हनुवटी हलत होती. पण आडवा हात काढला नाही. त्या क्षणी मला त्यांचा हात मुरगाळावासा वाटला.

मी उसाच्या रसाच्या गाडीवर चढले. वही उघडली. वाचत गेले. प्रत्येक नावाला पोरं ओरडत होती. साठ-सत्तर नावं झाली. आतले लोक बाहेर डोकावू लागले. एका कंपनीची बाई गेटपर्यंत आली, म्हणाली, "ती कापूस ओळखणारी कोण?" अजून पाच मिनिटं मिळाली असती तर!

मग सदाशिवराव माईकवर बोलले. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. "पोरांनो, ही बाई पंधरा वर्षं तासावर आहे. हिला स्वतःला कोणी कायम केली नाही. ही तुम्हाला काय नोकऱ्या लावणार? उतर गं खाली, गाडी मोडशील रसवाल्याची!"

लोक हसले. रसवाला हसला. आमचीही काही पोरं हसली.

मग दगड सुरू झाले.

फ्लेक्स फाटला. खुर्च्या उडाल्या. शेडच्या पत्र्यावर गारांसारखा आवाज. गोपालभाऊ खाली बसले, दोन्ही हात तोंडावर, बोटांच्या फटींतून रक्त. यादी त्यांच्या मांडीवर लाल होत होती. खुशी किंचाळत होती. कपिल गर्दी फाडून पुढे घुसला, त्यांना खांद्यावर टाकलं, कोणाच्या तरी मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. मागे खुशी धावत.

पोलीस आले. काठ्या. एका पोराचं गळ्याखालचं हाड मोडलं — काडी मोडल्यासारखा आवाज आला. पोरींनाही मारलं. माझ्या पाठीवर दोन बसल्या. बरं वाटलं.

आज एवढंच. पुरे.

९ एप्रिल

गोपालभाऊंचा डावा डोळा गेला. यवतमाळला नेलं, रात्रीच काढला. 

नऊ पोरांना पकडलंय. नऊ जणांनाच का? दगड तर निदान चाळीस जणांनी मारले.

आईने माझ्या पाठीला तेल-हळद लावली. वळ पाहून म्हणाली, "कोन्या जनावराले मारलं असं वाटते."

११ एप्रिल

नऊ जणांनाच का ते कळलं! सदाशिवरावांनी ठाण्यात कागद दिला. परीक्षेचा निकाल! ज्यांचा रागावर ताबा विसाच्या आत, ती नऊ नावं. आणि सगळ्यात खाली कपिल. अकरा.

फौजदार प्रियंका मॅडमना भेटले. तिशीतली बाई, चेहरा थकलेला. मी टेबलावर ओणवी झाले, ओरडले. त्यांनी ओरडू दिलं. मग कपिलचा शर्ट दाखवला. छातीवर, खांद्यावर रक्त.

"तो त्यांना उचलून घेऊन गेला!"

"पश्चात्तापाने नेलं असेल. होतं असं. आणि त्याचा स्वभाव कसा आहे हे मी नाही, तुमच्या कॉलेजने मोजलंय." मग कागद उलटा करून म्हणाल्या, "तुमचं नावही आहे इथे. ब्याण्णव. तुम्ही मात्र शांत दिसत नाही मॅडम."

बाहेर कपिलचे वडील बसले होते. विठ्ठलराव. धोतर, पायात टायरच्या चपला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वनखात्याचं पत्र. घडी घालून घालून मधे फाटायला आलेलं.

"मॅडम, केस लागली त पडताळनी होत नाही म्हनतेत. खरं हाये का?"

मी म्हटलं, "मी आहे ना काका."

"थो म्हनते, म्या नाही मारला. माहा पोरगा मारते त मारला म्हनते. खोटं नाही बोलत."

मला माहीत आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे.

१४ एप्रिल

विहारासमोर सभा. दरवर्षी मीच मुख्य वक्ता. यंदा मंडपाबाहेरही माणसं उभी. मी कपिलवर बोलले. पाऊण तास.

"विचारतात, दगड कोणी मारला? सांगते! त्या यादीने मारला! त्या गोल दिव्याने मारला! ज्याने माणूस न पाहता माणसाचा आकडा लिहिला, त्या प्रत्येक बोटाने मारला! नऊ पोरं कोठडीत कशाला? यादी कोठडीत टाका!"

टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्या बायांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. विठ्ठलराव पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण, असं तीन जणांनी सांगितलं.

मंडपामागे जाऊन ओकले. ऊन लागलं असेल.

१५ एप्रिल

भाषणाचा व्हिडिओ फिरतोय. अमरावतीहून, अकोल्याहून फोन. आठ पोरांना जामीन मिळाला. कपिलला नाही. डोळा गेला, म्हणून कलम मोठं.

१७ एप्रिल

कोर्टात कपिल दिसला. चालताना टाचा टेकवत नव्हता. तळव्यांवर मारलंय. एक नख काळंनिळं.

"कोणी मारलं? नाव सांग!"

"राहू द्या मॅडम."

"त्याच क्षणी विरोध का नाही केलास?" मी म्हटलं. हे मी कसं म्हटलं! माझी जीभ हासडायला हवी.

तो माझ्याकडे पाहत राहिला. राग नव्हता. तेच सहन झालं नाही. मग म्हणाला, "केला ना. म्हनून त नख गेलं."

१९ एप्रिल

रजतचा फोन.

"मॅडम, तो रिपोर्ट पोलिसांसाठी नसतो. मी दिला नाही. सरांना फाईल पाठवली होती, त्यांनी छापून दिली."

मी त्याला आईवरून शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने ऐकून घेतल्या.

"लिहून दे," म्हटलं. "कोर्टात दे, की यातून कोण दगड मारेल ते कळत नाही."

"दिलं तर नोकरी जाईल. मॅडम, माझा स्वतःचा पिवळा आला होता. तीनदा दिली तेव्हा हिरवा झालो."

"मग?"

शेवटी म्हणाला, "पाठवतो."

पाठवलं! सही-शिक्क्यानिशी. या पोराला मी किती शिव्या दिल्या.

२२ एप्रिल

रजतचं पत्र घेऊन गेले. प्रियंका मॅडमनी वाचलं, फाईलला लावलं. "ठीक आहे. कागद बाजूला ठेवू. पण शर्टावरचं रक्त आहे. आणि फिर्यादीत त्याचं नाव आहे. ते काढायचं तर दुसरं नाव लागेल मॅडम. डोळा गेलाय. कोणीतरी तर मारला ना तो दगड?"

"चाळीस जण होते."

"डोळ्याला एकच लागला."

२४ एप्रिल

यवतमाळला गोपालभाऊंना पाहून आले. आठ तारखेपासून टाळत होते. पट्टी. उरलेला डोळा लाल, सुजलेला. खुशी उशाशी पुस्तक घेऊन. सोमवारपासून पेपर.

मला पाहून उठायला लागले. शिपाई ना! मॅडम आल्या की उठायचं.

"बसा भाऊ. बसा."

"पोलीस येऊन राह्यले रोज. कोन होतं, कोन होतं. म्या म्हटलं, ऊन होतं साहेब, काही दिसलं नाही. कपिल होता म्हना, असं सदाशिवराव सर सांगून गेले. म्या तेही नाही म्हटलं. पोरानं मले खांद्यावर नेलं. त्याच्या पाठीचं हाडूक मले लागत होतं रस्ताभर."

मग खुशीला म्हणाले, "जाय, मॅडमसाठी चहा आन." ती गेल्यावर एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खुशीचं पुस्तक उचलून उगाच पानं उलटत बसले.

खुशी चहा घेऊन आली. म्हणाली, त्या कंपनीच्या बाईचा फोन आला होता, कापसाच्या ग्रेडिंगला बोलावलंय, वर्ध्याला. "जाऊ का मॅडम? बाबाले सोडून?"

"जाय," गोपालभाऊ म्हणाले. "लाल यादीत होती म्हनून सांगू नोको फक्त."

तिघंही हसलो. मी जास्त हसले.

२६ एप्रिल

विठ्ठलराव घरी आले. मुदतीचे चारच दिवस उरले म्हणाले. पिशवीतलं पत्र काढून माझ्या हातात दिलं. "तुमी ठेवा. माह्याजवळ फाटते."

पत्र समोर ठेवलंय. तीस एप्रिल. कपिलच्या नावापुढे कोणीतरी पेनने छोटीशी फुली केलीय. त्याची आई असेल. लिहिता येत नाही तिला.

उद्या नागपूरला मला भाषणाला बोलावलंय. विषय — रोजगारक्षमतेच्या नावाखाली. मोठं सभागृह. गाडी पाठवणार आहेत.

२७ एप्रिल

गाडी परत पाठवली.

२८ एप्रिल

दगड मी मारला होता. रसाच्या गाडीच्या चाकाखाली लावलेला. लोक हसले तेव्हा उतरले, उचलला. नेम सदाशिवरावांवर होता. गोपालभाऊ मध्ये आले. पहिला दगड तोच. बाकीचे नंतर.

आईला आत्ता सांगितलं, म्हटलं ठाण्यात चाललेय. वाटलं, शिव्या देईल. चुलीसमोरून उठली नाही. म्हणाली, "जेवून जाय. तिथं कधी देतीन, भरोसा नाही."